खरं नको कसं म्हणतात

कोल्हार,
माघ शुद्ध पंचमी, शके १८९३

चिरंजीव मच्छिंद्र यास,

आईचा आशीर्वाद. इथे आम्ही तिघीही बऱ्या आहोत, म्हणजे मी, इंगर आणि म्हैस. त्यातल्या त्यात म्हैस जास्त बरी आहे, कारण तिला कोणाची पत्रं येत नाहीत आणि कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. तुझी तब्येत कशी आहे ते नीट लिही. नुसतं "ठीक" लिहू नकोस. ठीक तर आपला पोस्टमन बन्सीसुद्धा असतो आणि त्याला बारा महिने खोकला आहे. तिथे बर्फ पडतो तेव्हा कानाला काय बांधतोस, पायात काय घालतोस, हे लिहीत जा. एवढं शिकून आईला कान कळवता येत नाहीत म्हणजे काय.

तुझं मागचं पत्र मिळालं. तिथल्या दूध-कारखान्यात तीन वर्षांची नोकरी देऊ केली आहे, होळीच्या आत कागदावर सही करायची आहे, आणि "आई, शिक्षण संपलं, आता परत येऊ का?" असं तू विचारलंस तेव्हा मी "नको" असं लिहिलं, म्हणून तू आता निश्चिंत मनाने सही करणार आहेस, असं सगळं त्यात आहे. वाचून समाधान वाटलं. (पत्र कणगीवर ठेवलं आहे. जाता-येता दिसतं.) त्याविषयी मला आणखी काही लिहायचं नाही. नोकरी चांगली, देश चांगला, गाई चांगल्या. हे पत्र इंगरविषयी आहे. तुझ्या घरमालकिणीची लेक दिवाळीपासून माझ्या घरात राहते आहे, तिचं इथे काय झालं ते खरं-खरं तुला कळवणं भाग आहे, कारण तिची आई तुला विचारणार, आणि तू "ठीक आहे" म्हणून मोकळा होणार.

पोरगी गुणी आहे हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना घाबरणार नाहीस. खेड्यातल्या बायका दिवसभर काय काम करतात यावर तिला तिच्या कॉलेजासाठी निबंध लिहायचा आहे, हे मी शेजारी झुंबरबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काय करत्यात म्हंजी? काम करत्यात. येवढं इचारायला समुद्र वलांडून आली व्हय?" मग थोडा विचार करून म्हणाली, "अन तुजं पोरगं दूध शिकाया तिकडं गेलंय. ही तिकडंच बसली आस्ती अन त्यो इकडंच बसला आस्ता, तर दोगांचंबी शिकून झालं आस्तं." (झुंबरबाईच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तसली काही नाही. मी सरळ विचारून घेतलं. इंगरचं तिकडे ठरलेलं आहे, मुलगा बोटीवर असतो. झुंबरबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.)

आता पहिली अडचण नावाची. इंगर म्हटल्यावर गावात जो तो विचारतो, "कुठल्या इंगळ्यांची?" मी प्रत्येकाला डेन्मार्क सांगून दमले. तुला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही, तुझ्याच पाटीवर तुझ्याबरोबर गिरवून शिकले आणि पुढे वाचनालयातलं मिळेल ते वाचत आले. पण वाचनालयात डेन्मार्कवर पुस्तक नाही, आणि नकाशात तो देश माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकून जातो, त्यामुळे मलाही फार काही सांगता येत नाही. शेवटी झुंबरबाईनेच निकाल लावला, "खर्ड्याकडच्या इंगळ्यांची आसंल, त्यातली काई लई गोरी असत्यात." तेव्हापासून ती खर्ड्याची आहे आणि आता तीही हो म्हणते.

दुसरी अडचण तुझी. तिला वर्षभर मराठी तू शिकवलंस आणि त्यात "तू" शिकवलंस, "तुम्ही" शिकवलं नाहीस. पहिल्या आठवड्यात सरपंच तिला बघायला आले तर ही हसतमुखाने म्हणाली, "सरपंच, तू बस. तू चहा पी." माझ्या हातातली बशी खाली पडली. सरपंच मात्र निमूट बसले आणि चहा प्याले. त्यांची म्हातारी गेल्यापासून त्यांना तू म्हणणारं गावात कोणी उरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही आले. मग मी तिला "तुम्ही" शिकवलं, तर तिने ते मनावर घेतलं आणि गोठ्यात जाऊन म्हणाली, "अहो म्हैस, जरा सरकता का?" आणि म्हैस सरकली. मी आजवर तिला काठीने सरकवत आले आहे. मला ती साळू म्हणायची (तुमच्या तिकडे आईलाही नावाने हाक मारतात का रे?), आता मावशी म्हणते. मग झुंबरबाईलाही मावशी, पलीकडच्या हाजराबीलाही मावशी, आणि एक दिवस तिने मला विचारलं की तुम्ही इतक्या बहिणी, तर तुमचे चेहरे का जुळत नाहीत.

आभाराचं सांगायचं राहिलं. भाकरी वाढली की आभारी आहे, पाणी दिलं की आभारी आहे, जेवून उठली की पुन्हा आभारी आहे. आपल्यात घरच्या माणसाला असं म्हटलं तर हिशेब मिटवून उठल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझं काही चुकलं, म्हणून ही परक्यासारखी वागते. हाजराबी म्हणाली, "अपने घर में कौन बोलता शुक्रिया? पोरगी रुसली हाय." आम्ही दोघींनी मिळून तिची समजूत काढली. ती रुसलेली नव्हतीच, त्यामुळे समजूत निघायला फार वेळ लागला.

पण खरं घडलं ते भगवतीच्या यात्रेला. यात्रेच्या दिवशी आपल्याकडे घरोघर पुरण असतं हे तुला सांगायला नको. इंगर सकाळी देवळाकडे निघाली. वाटेत ज्याने त्याने विचारलं, "काय, जेवान झालं का?" आता हा काय प्रश्न असतो का? समोर माणूस आलं की तोंडातून जे बाहेर पडतं ते हे. त्याला "झालं की" म्हणायचं आणि पुढे जायचं, उपाशी असलं तरी. पण इंगर खरं बोलणारी. तिने थांबून विचार केला आणि सांगितलं, "नाही. अजून नाही." झालं. यात्रेच्या दिवशी दारावरून पाहुणी उपाशी जाते म्हणजे काय! झुंबरबाईने हाताला धरून आत नेलं आणि दोन पोळ्या घातल्या. तिथून निघाली तर हाजराबीने विचारलं, "खाना हुआ क्या?" इंगरला वाटलं, ही दुपारच्या जेवणाविषयी विचारत असणार, आणि दुपारचं जेवण तर माझ्याकडे व्हायचं होतं. ती खरं तेच म्हणाली, नाही. हाजराबीने शेवयांची खीर पुढे केली. पुढे वेशीपर्यंत आणखी किती घरं लागली ते तिला आठवत नाही आणि मी विचारत नाही.

इकडे मी सकाळपासून चुलीपुढे. ती येईपर्यंत मी जेवले नव्हते (तुझे नाना असतानाची सवय, जात नाही). ती आली, घामाघूम झालेली, आणि पाटावर बसली. एक पोळी तिने खाल्ली. दुसरी वाढायला गेले तर म्हणाली, "नको." मी वाढली. आता यात माझं काय चुकलं? पाहुण्याने नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, ही काय आजची रीत आहे? तिसरीला ती म्हणाली, "मावशी, नको. नको." दोनदा म्हटली म्हणजे आवडली, असं मी धरलं. मग तिने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. मी तूप हातांवरूनच सोडलं. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, आईची आठवण आली असेल. म्हणून आणखी अर्धी वाढली.

पुढचं थोडक्यात लिहिते. ती गोठ्याच्या बाजूच्या कडुनिंबापर्यंत पोचली हे नशीब. दिवसभर जे जे कोल्हारने घातलं ते ते तिने परत केलं. झुंबरबाईने मीठमोहऱ्या ओवाळल्या, हाजराबीने लिंबू आणलं, दवाखान्यातला कंपाउंडर आला आणि त्याने मलाच विचारलं, "काय खायला दिलं होतं?" मी सांगितलं तर तो माझ्याकडे बघत राहिला. गावात लगेच झालं, साळूबाईने खर्ड्याची पोरगी खाऊ घालून मारायला काढली. सरपंच येऊन म्हणाले की तिला विश्रामगृहावर हलवावं. त्यावर माझ्याआधी ती बोलली. खाटेवरून उठता येत नव्हतं, पण म्हणाली, "सरपंच, तू जा." ("तुम्ही" विसरली, तापात होती.) सरपंच गेले.

दोन दिवसांनी ती उन्हाला ओट्यावर बसली होती. मी ताक घेऊन गेले तर तिने आधी वाटीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि विचारलं, "मावशी, तुमचा माझ्यावर राग आहे का?"

मी म्हटलं, "राग कशाचा, बाई?"

"मी नको म्हटले. पुष्कळ वेळा म्हटले. तुम्ही ऐकले नाही. मला वाटले, मी काही वाईट केले. म्हणून शिक्षा."

मच्छिंद्र, मी आजवर किती पंगती वाढल्या असतील. पुरणाची पोळी ही शिक्षा आहे असं मला कोणी म्हणेल, हे मनातही आलं नव्हतं. मी तिला समजावलं की आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतं. खायची इच्छा असली तरी हावरं दिसू नये म्हणून म्हणायचं असतं. दुसरं नको वाढणाऱ्याला मान द्यायला. तिसरं, कोणी बघत असेल तर त्याच्यासाठी. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मग खरे नको कसे म्हणतात?"

तोवर झुंबरबाई आणि हाजराबी येऊन बसल्या होत्या. झुंबरबाई म्हणाली, "त्यात काय येवढं? ताटावर हात आडवा धरायचा."

"मी धरले. दोन धरले. वरून तूप आले."

हाजराबी म्हणाली, "ताट उचलके पीछे छुपाना."

"मंग मी द्रोनात वाढीन," झुंबरबाई म्हणाली.

"पोट दुखतंय बोलना."

"मंग वर ओवा दीन."

"रोजा है बोलूं तो?"

"तर सांजच्याला डबा घिऊन तुज्या दारात हुबी ऱ्हाईन. मला काय सांगती!"

इंगर एकीकडून दुसरीकडे मान वळवत होती. दोघींनी मिळून सगळे उपाय काढले, एकीने नको म्हणायचं आणि दुसरीने ते मोडून काढायचं. रिकामी परात मध्ये ठेवून करूनही दाखवलं. हाजराबी इतकी रंगली की परात डोक्यावर धरून पळाली आणि झुंबरबाई उलथनं घेऊन मागे. मी हसून हसून भिंतीला टेकले. शेवटी झुंबरबाई धापा टाकत बसली आणि म्हणाली, "न्हाई बाई. खरं नको आमच्यात न्हाईच. ते फकस्त मरायला टेकलेलं मानूस म्हनतं." आणि मग माझ्याकडे बघून तिने जीभ चावली.

मी ताकाची वाटी आत ठेवून आले.

तुला आठवतं का, नाना जेवायला बसले की ताटावर हात धरून नको-नको करायचे, आणि बोटांत फट ठेवायचे? तेवढ्या फटीतून भाकरीचा तुकडा खाली सोडायचा, की लगेच "अगं, कशाला वाढलंस" म्हणत खायचे. एवढी वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे कधी बघितलं नाही, बोटांकडेच बघत आले. त्या आषाढात त्यांना दूध दिलं. ते नको म्हणाले. मी नेहमीसारखं हाताकडे बघितलं, तर बोटं मिटलेली होती. मी मग पेला खाली ठेवला आणि तुझ्या कॉलेजात तार करायला बन्सीला पाठवलं. डॉक्टर त्यानंतर दोन दिवसांनी म्हणाले की आता काही खरं नाही. मला आधीच कळलं होतं.

त्यानंतर मला एक गंमत कळली (गंमत म्हणजे तशी नव्हे). बाईचा नवरा गेला की तिचं नको सगळ्यांना एकदम खरं वाटायला लागतं. पंगतीत एका कडेला बसलं, वाढणारी आली, आपण सवयीने नको म्हटलं, की ती पुढे जाते. मागे वळून बघतही नाही. पहिल्या वर्षी मी दोन-तीन लग्नांतून अर्धपोटी आले आणि घरी येऊन चटणी-भाकरी खाल्ली. मग शहाणी झाले. आता पहिल्यांदाच "वाढ गं" म्हणते. लोकांना ते आवडत नाही, पण पोट भरतं. आणि घरात एकटीला तर काय, आपणच आपल्याला आग्रह करता येत नाही. करून बघितला आहे मी. वेडेपणा वाटतो.

हे सगळं मी इंगरला सांगितलं नाही. तिने मात्र मला एक सांगितलं, आणि त्यासाठी तर हे पत्र लिहायला बसले. तिच्या आईचं पत्र आलं होतं. त्यात तुझ्याविषयी होतं, ते तिने मला मराठी करून वाचून दाखवलं. तिची आई लिहिते, हा मुलगा फार थोड्यात भागवणारा आहे. बटाटे पुढे केले, नको म्हणतो. लोकरीचा गळपट्टा विणून देते म्हटलं, नको म्हणाला. शेगडीजवळच्या खुर्चीवर बस म्हटलं, नको. नाताळात आमच्याबरोबर आजोळी चल म्हटलं, नको. इतक्या कमी गरजांचा माणूस मी पाहिला नाही, आम्ही त्याच्या मनाविरुद्ध काही करत नाही. आणि शेवटी लिहिते, जरा बारीक झाला आहे.

आम्ही दोघी खूप हसलो. तू आणि कमी गरजा! तू, ज्याने गुळाची ढेप पोखरून आत उंदीर असल्याचं नानांना पटवलं होतं! पहिल्या थंडीत तू लिहिलं होतंस की दोन बटाट्यांवर झोपलो, तेव्हा मला वाटलं, तिकडे बटाटेच मिळत नसतील. मी हाजराबीला म्हटलंही, गरीब देश दिसतो. आणि तिकडे भांडं भरलेलं, ती बाई हातात डाव घेऊन उभी, आणि तू नको म्हणून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसलेला. ती कधी विचारणार? तिने तर तुझा मान राखला आणि भांडं झाकलं.

हसून झाल्यावर मी म्हशीला पाणी पाजायला गेले. तिथे मनात आलं, इथे मी त्यांच्या पोरीच्या नकोचं ऐकलं नाही म्हणून ती आजारी पडली, आणि तिथे त्यांनी माझ्या पोराच्या नकोचं ऐकलं म्हणून तो वाळला. दोघी आया, दोघींनी आपल्या परीने चांगलंच केलं. आणि तू दोन वर्षं तिथे शेगडीपासून लांब बसलास. एवढ्या पत्रांत एकदाही लिहिलं नाहीस. पण तू लिहिलं असतंस तरी मी काय उत्तर दिलं असतं? "कोणाच्या घरी एकदम हो म्हणू नये," असं मीच तुला लहानपणी सांगितलं. पाहुण्यांकडे जाताना चिमटा काढून सांगायचे. ते तू पाळलंस, एवढंच. तुला आता उलट सांगते, ते पाळ. पहिल्यांदाच हो म्हण. गळपट्टा घे. खुर्चीवर बस. बटाटे माग. लाज वाटली तर माझं नाव सांग.

इंगर आता बरी आहे. तिने आमची रीत उचलली आहे, पण तिच्या पद्धतीने. रोज संध्याकाळी तिला भाकरी थापायची असते (भाकरी गोल होत नाही, साधारण तिच्या देशाच्या आकाराची होते). मग मला पाटावर बसवते आणि वाढते. म्हणते, "मावशी, घ्या." मी नको म्हणते. "मावशी, घ्या." नको. मग ती ताठ उभी राहून, कोर्टात पुकारा करतात तसं सांगते, "आता तिसऱ्यांदा. घ्या." आणि वाढते. वाटेत थांबत नाही, दोनावर ऐकत नाही, चारावर जात नाही. झुंबरबाई म्हणते, असा आग्रह तिने जन्मात बघितला नाही. पण मच्छिंद्र, मला चार वर्षांत कोणी तिसऱ्यांदा विचारलेलं नव्हतं. मी खाते. जास्तच खाते. चैत्रात ती परत जाईल. ती गेल्यावर म्हैस आहेच.

असो. पत्र लांबलं. बन्सी म्हणतो, याला तिकिटं चिकटवायला पाकिटावर जागा उरायची नाही. तुझ्या नोकरीविषयी मला काही लिहायचं नाही असं मी वर म्हटलंच आहे. तिथल्या गाई इथल्यापेक्षा चौपट दूध देतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप असेल. आपली विहीर आहे, वाट्याने दिलेली जमीन आहे, म्हैस आहे, माझं सगळं चालतं. उगाच घराकडे जीव टांगून ठेवू नकोस. तुझ्या घरमालकिणीला माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या लेकीला माझ्या हातून जे झालं त्याची माफी मागते असंही सांग. त्यांच्यात माफी पहिल्यांदा मागितली की पोचते, असं इंगर म्हणते. बरं आहे ते.

सर्वांना यथायोग्य. कानाला बांधत जा.

तुझी आई

ता. क. १ : इंगर तिच्या आईला वेगळं पत्र लिहिते आहे की मच्छिंद्रला कोणतीही गोष्ट तीनदा विचारायची. तेव्हा त्या बाई तिसऱ्यांदा विचारायला लागल्या तर दचकू नकोस.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी इंगरने हे पत्र वाचलं. (वाचायला अख्खी दुपार लागली. माझं अक्षर तुझ्या पाटीवरचंच आहे.) वाचून म्हणाली, "मावशी, हे पत्र लांब आहे. पण तुम्हाला काय हवे, ते यात नाही." मी म्हटलं, मला काही नको. मग ती म्हणाली, "मच्छिंद्रने विचारले, परत येऊ का. तुम्ही काय लिहिले?" मी म्हटलं, नको असं लिहिलं. तिने विचारलं, "कोणते नको?" मी म्हटलं, कोणतं म्हणजे? आपल्याकडचं. त्याला ते कळेल. माझ्या पोटचा आहे, बोटांतली फट त्याला दिसते. तर ती म्हणाली, "मावशी, तो दोन वर्षे आमच्या घरी आहे. तो विसरला असेल." मी कणगीवरचं तुझं पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं. तिने पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, आमच्याकडे लिहितात तसे लिहा, एकच शब्द. म्हणून लिहिते. ये.

ता. क. ३ : वरचं एवढं मनावर घेऊ नकोस. पोरीने फारच धरलं म्हणून लिहिलं. लगेच ये असं नाही. तिथलं सोडून, तुझं नुकसान करून तर मुळीच नाही. तीन वर्षं काय, बघता बघता जातात. मला इथे काही कमी नाही. नाही जमलं तरी चालेल.

ता. क. ४ : मच्छिंद्र, मी इंगर लिहिते. मावशी म्हशीकडे गेल्या आहेत. तू ता. क. ३ वाचू नको. हे नको माझ्या देशातले आहे.